कानानं घेतलेलं घड्याळ

घड्याळ डोळ्यांनी घेणारा माणूस हमखास फसतो. घड्याळ कानानं घ्यायचं असतं. तबकडी चकचकीत, पट्टा मऊ, काटे निळे, ही सगळी वरवरची कौतुकं झाली. कानाला लावलं की घड्याळ आपली जात सांगतं. आवाज ठणठणीत, तर घड्याळ ठणठणीत! हे शास्त्र मी, घेवरचंद, खांडबाऱ्याच्या बाजारात गूळ-तेल विकता विकता स्वतः शोधून काढलं होतं. अडचण एवढीच, की तोवर मी एकही घड्याळ विकत घेतलेलं नव्हतं.

ती वेळ छत्तीस सालच्या जूनमध्ये आली.

माझा धाकटा भाऊ पन्नालाल त्याच्या चार वर्षं आधी एका रविवारी सकाळच्या गाडीनं सुरतेला कापड आणायला गेला, आणि तिथंच पटकीनं गेला. परत आली ती त्याची टोपी आणि छत्री. रविवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो, त्या दिवशी तिकडं निघू नये, असं त्याला मी सांगितलं होतं, त्याच्या बायकोनंही सांगितलं होतं. तो हसला होता. त्याच्यामागं उरली त्याची बायको तीजाबाई आणि मुलगा चुनीलाल. पन्नालालचं एकच म्हणणं असायचं, की चुनीला तराजू धरायला लावायचा नाही, शिकवायचा.

चुनी आता पंधराचा झाला होता आणि गावातली शाळा संपली होती. सुरतेत आमच्या समाजाचं एक बोर्डिंग होतं. राहणं-जेवण फुकट आणि इंग्रजी शाळा. त्यात एक जागा रिकामी झाल्याचं पत्र आलं. एकच. मंडळी रविवारी दुपारी तीन वाजता मुलांना बोलावून बघणार होती. पत्राच्या शेवटी दोन ओळींखाली रेघ मारलेली होती. पहिली, मुलाजवळ स्वतःचं घड्याळ असावं. दुसरी, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही.

तीजाबाईनं चार वर्षं पापड लाटून साठवलेले बावीस रुपये चुनीच्या हाती माझ्याकडे पाठवले. मी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. आमच्यात जेठासमोर सून घुंघट घेते आणि बोलत नाही. अगदीच बोलायची वेळ आली तर दाराआडून, तेही हळू. तीजाबाई इतकी मर्यादशील, की दाराआडचा तिचा एक शब्द मला कधी कळला असेल तर शपथ! पण त्यानं काही अडलं नव्हतं. ती बोलायची थांबली असं वाटलं, की मी मान हलवून "हो हो, बरोबर आहे" म्हणायचो. घर सुरळीत चाललं होतं.

आता कोणी म्हणेल, घेवरचंदला ऐकू कमी येतं. मुळीच नाही. माझे कान उत्तम आहेत. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. माझी बायको होती तोवर हा प्रश्नच नव्हता. ती मला जेवायला हाक मारायची तेव्हा स्टेशनावरचे हमाल वळून बघायचे. ती गेली आणि जग एकदम हळू बोलायला लागलं.

तर मी चुनीला घेऊन नंदुरबारला गिरधर घड्याळवाल्याकडे गेलो. गिरधर डोळ्याला भिंग लावून बसला होता.

"गिरधर, भाव नंतर. आधी घड्याळं काढ. मी कानानं घेतो."

"कानवरी?" त्यानं भिंग काढलं.

"हो. तुला नाही कळायचं."

त्यानं पहिलंच घड्याळ काढलं ते चपटं, पातळ, पांढऱ्या तबकडीचं. कोणी पारशी गृहस्थ वापरून विकून गेलेला. आत पंधरा खडे, विलायती काम, म्हणून गिरधर ते हातरुमालावर ठेवून दाखवत होता. किंमत बरोब्बर बावीस. चुनीनं ते कानाला लावलं आणि त्याचं तोंड असं उजळलं, की त्या तोंडात मला क्षणभर पन्नालाल दिसला. मग मी कानाला लावलं. काहीच नाही. दुसऱ्या कानाला लावलं. चिडीचूप.

"मेलेलं आहे हे," मी म्हणालो.

"बाबोसा, चालतंय," चुनी म्हणाला. बाबोसा म्हणजे बापाचा मोठा भाऊ. "छान चालतंय. बारीक आवाज आहे."

"बारीक म्हणजे आजारी."

गिरधरनं आणखी पाच-सहा काढली. मी एकेक कानाला लावून बाजूला ठेवत गेलो. हे मेलेलं, हे मरायला टेकलेलं. गिरधरचं दुकान आहे की मसणवटा, हेच मला कळेना. शेवटी त्यानं कंटाळून खालच्या खणातून एक जाडजूड निकेलचं घड्याळ काढलं, आणि ते कानाजवळ येण्याआधीच मला ऐकू आलं. खडाक्, खडाक्, खडाक्! तेल्याच्या घाण्यासारखं.

"हे बघ! याला म्हणतात घड्याळ. केवढ्याला?"

"अकरा रुपया. पन शेठ, एकबी खडा नही त्यामा." गिरधरनं पातळ घड्याळ परत पुढं सरकवलं. "चांगलं घड्याळ कधी वरडत नही."

"विकायला बसलास की शिकवायला?"

चुनी त्या पातळ घड्याळाकडे बघत होता. "बाबोसा, ते पहिलं..." एवढंच म्हणाला आणि थांबला. आमच्यात मोठ्यांचा शब्द मुलं खाली पडू देत नाहीत. मी जाडजूड घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. बारीक मनगट होतं पोराचं, पट्ट्याला गिरधरनं तीन भोकं नवीन पाडली. अकरा रुपये वाचवले म्हणून घरी येईपर्यंत माझी छाती फुगलेली होती.

त्या घड्याळानं गल्लीत नाव काढलं. चुनी बोळातून येत असला तर दोन घरं आधी कळायचं. समोरच्या धनुबाईच्या मांजरानं आमच्या ओसरीवर यायचं सोडलं. मी सगळ्यांना सांगायचो, कानानं घेतलंय!

आणि मग दिशाशूळ आडवा आला. बोलावणं रविवारचं, सुरत पश्चिमेला. तोच वार, तीच दिशा, तीच सकाळची आठ वाजून दहा मिनिटांची गाडी. तीच गाडी पकडली तर तीनच्या आत सुरत, नाहीतर दुसरी गाडी रात्री पोचणारी. आदल्या दिवशी निघावं म्हटलं, तर शनिवारी बाजाराचा दिवस, दुकान सोडता येईना. तीजाबाईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तेव्हा मी उपाय काढला, आमच्यातला जुनाच. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे वार वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी, चांगल्या चोघडियात, म्हणजे दीडेक तासाच्या शुभ वेळेत, प्रवाशाची एखादी मोलाची वस्तू तांदूळ, सुपारी, हळकुंडासकट फडक्यात बांधून शेजारी नेऊन ठेवायची. माणूस त्या दिवशीच निघाला, असं धरतात. मग ठरल्या दिवशी जाताना गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. यमालाही वाटतं, हा तर गुरुवारीच गेला.

"मोलाची वस्तू म्हणजे घड्याळच," मी जाहीर केलं. "गुरुवारी सूर्योदयाला शुभ चोघडिया. चुनी, पूर्ण चावी दे आणि फडक्यात बांध. नंतर गाठ कोणी सोडायची नाही."

दाराआड कुजबुज झाली, म्हणजे घुंघट हललेला दिसला. तीजाबाई काहीतरी बोलत होती. बरंच बोलली. मी ती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणालो, "हो हो. ती सगळी व्यवस्था मी केली आहे."

तिनं काय विचारलं होतं ते मला नंतर चुनीकडून कळलं. तिनं विचारलं होतं, 'घड्याळ तीन दिवस फडक्यात राहणार. रोजची चावी कोण देणार?'

गाठोडं गजराबाईकडे ठेवलं. गजराबाई मूळच्या म्हसावदच्या, आमच्यापासून चार घरं पुढं, स्टेशनच्या वाटेवर. पहिल्या रात्री त्या घड्याळानं त्यांना झोपू दिलं नाही, म्हणून त्यांनी ते ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवलं होतं. शनिवारी तेल न्यायला दुकानात आल्या, डोळ्यांवर झोप झाल्याचं समाधान होतं. तेलाची बाटली भरता भरता मला काहीतरी म्हणाल्या. माझी पाठ होती. मी मान हलवली आणि म्हणालो, "तुमचे आशीर्वाद." त्या जरा थबकल्यासारख्या वाटल्या, पण गेल्या.

रविवारी आभाळ गच्च भरलेलं होतं, सूर्याचा पत्ता नाही. घरात दुसरं घड्याळ नव्हतं. तीजाबाईनं चुनीला दाराआड नेऊन बजावलं होतं, आणि ते मात्र चुनीनं मला सकाळीच मोठ्यानं सांगितलं: गाठोडं उचलल्यापासून गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागं वळून बघायचं नाही. त्याचा बाप त्या दिवशी हसत, बोलत, उंबऱ्यावरून दोनदा मागं फिरून गेला होता. तीजाबाईनं पोराकडून स्वतःच्या गळ्याची आण घेतली होती. निघताना ती समोर आली नाही. विधवेनं येऊ नये म्हणतात. पण खिडकीच्या फटीत तिच्या ओढणीचं टोक मला दिसत होतं.

गजराबाईंनी चुनीला कुंकू लावलं, गूळ दिला. त्यानं गाठोडं उचललं आणि तोंड मिटलं. मी गाठ सोडली, घड्याळ बाहेर काढलं. सात वाजून दहा मिनिटं.

"वा! भरपूर वेळ आहे," मी म्हणालो. "साडेसातपर्यंत उद्वेग चोघडिया आहे. तो संपू दे. मग चल लागतो, प्रवासाला उत्तम. वीस मिनिटं इथंच ओट्यावर बसू. इथून स्टेशन दहा मिनिटांचं." मग रिवाजाप्रमाणं घड्याळ कानाला लावलं. आधीच्या दिवसांत त्याचा आवाज माझ्या डोक्यात इतका बसलेला होता, की मला तो लख्ख ऐकू आला. खडाक्, खडाक्. "ठणठणीत!" मी म्हणालो आणि ते चुनीच्या मनगटावर बांधलं.

चुनीनं घड्याळाकडे बघितलं. मग कानाला लावलं. मग माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागला, नाही, नाही. एक बोट घड्याळावर, एक कानावर.

"कान दुखतोय? गार वारा आहे. उपरणं गुंडाळ."

त्यानं दोन्ही हात जोडले.

"हो रे, माझाही आशीर्वाद आहेच."

गजराबाई दारात होत्या, गोठ्याकडे निघालेल्या. जाता जाता म्हणाल्या, आणि हे वाक्य मला पुढं त्यांनीच चार माणसांत पुन्हा ऐकवलं, "भाऊ, ते घड्याळ शुक्करवारनी सांजपाईन गप शे. तुमले काल सांगं ना मी?" म्हणजे घड्याळ शुक्रवार संध्याकाळपासून बंद होतं.

मी मान हलवली. ऐकू न आलेल्या बोलण्याला मान हलवावी, हा माझा जुना नियम. त्यानं आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं.

वीस मिनिटं मोजायला मला घड्याळ लागत नाही. नवकाराच्या दोन माळा केल्या की वीस मिनिटं. मी डोळे मिटले आणि माळ सुरू केली. पहिल्या माळेत चुनीनं माझी बाही ओढली. मी डोळे न उघडता हात वर केला, धीर धर. पुन्हा ओढली. मला पोराची दया आली. पहिल्यांदा घर सोडताना असंच होतं, मी स्वतःशी म्हणालो आणि जरा सावकाश माळ ओढू लागलो, म्हणजे त्याला गावात चार क्षण जास्त मिळतील.

दुसऱ्या माळेत त्यानं माझा गुडघा हलवला. मग त्याचा हात निघून गेला, आणि तो पायांजवळ जमिनीवर काहीतरी करतोय असं वाटलं. मी डोळे उघडले नाहीत. माळ मोडत नाहीत.

"बाबोसा!"

ही हाक मला ऐकू आली. तशी हाक माझी बायको गेल्यापासून मला कोणी मारली नव्हती. डोळे उघडले तर चुनी समोर उभा, तोंड लाल, गालांवरून पाणी वाहतंय. आईच्या गळ्याची आण मोडून तो ओरडत होता. "घंटा झाली! शिट्टी झाली! गाडी आली बाबोसा, कधीची आली!"

आम्ही धावलो. तो ट्रंक घेऊन, मी छत्री घेऊन, पन्नालालचीच ती छत्री. धोतर पायात आलं, एकदा पडलो, चुनी मागं फिरला मला उचलायला. मागं वळून बघायचं नाही, तेही मोडलं. स्टेशनात शिरलो तेव्हा गार्डाचा डबा सिग्नलाच्या पुढं गेला होता. चुनी फलाटाच्या टोकापर्यंत धावत गेला आणि तिथं उभा राहिला. गाडी दिसेनाशी झाली तरी उभाच होता.

फलाटावरची चार माणसं जमली. गावात घड्याळाचं नाव झालेलंच होतं. एक जण माझ्या कानाशी येऊन ओरडला, "काय शेठ, घड्याळ कानवरी लिधं होतं ना?" सगळे हसले. स्टेशनमास्तरानं चुनीचं मनगट हातात धरून बघितलं आणि विचारलं, "हे बंद कसं?"

चुनीनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेव्हा मला सगळं कळलं होतं, जोडलेले हात, कानावरचं बोट, सगळं.

"मीच चावी द्यायला विसरलो," चुनी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, मला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

परत येताना गजराबाईंच्या ओट्याशी थांबलो. मी बसलो होतो तिथं, पायांसमोरच्या धुळीत, बोटानं लिहिलेलं होतं. बंद आहे. त्याच्या खाली पुन्हा, मोठ्या अक्षरात, बंद आहे. गजराबाईंना वाचता येत नव्हतं, तरी मी ते चपलेनं पुसून टाकलं. असा मी माणूस.

घरी तीजाबाई दाराआड उभी होती. चुनी आत गेला. खूप वेळ ती काही बोलत असावी. मी ओसरीवर बसून होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मान न हलवता बसून होतो. मग चुनी बाहेर आला, माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "आई म्हणते, बरं झालं. गाडी चुकली म्हणजे काहीतरी टळलं. बाबोसांना म्हणावं, जेवून घ्या."

ती खरंच तसं म्हणाली, की रडत होती आणि हे चुनीनं मनानं सांगितलं, ते मला कळायला मार्ग नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

आम्ही त्या रात्री पोचणाऱ्या गाडीनं गेलो, सोमवारी सकाळी बोर्डिंगच्या दारात उभे राहिलो. जागा दिली गेली होती. कारकुनानं रेघ मारलेली ओळ बोटानं दाखवली. चुनीनं त्याला नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात तो दुकानात येऊन बसला आणि त्यानं तराजू हातात धरला. पन्नालालला जे नको होतं, नेमकं ते. मी तेल मोजत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून मी मिरच्यांच्या पोत्याकडे सरकून बसलो.

याला आता सात वर्षं झाली. चुनीचं लग्न झालं. दुकान तोच चालवतो, आणि माझ्यापेक्षा बरं चालवतो. माझ्याशी बोलताना समोर येऊन, तोंडाकडे बघून, सावकाश बोलतो. ते जाडजूड घड्याळ अजून त्याच्या मनगटावर आहे. आता पट्ट्याला पहिलंच भोक लागतं.

रोज सकाळी दुकान उघडलं की तो माझ्याजवळ येतो, मनगट माझ्या कानाशी धरतो आणि विचारतो, "बाबोसा, चालतंय ना?" गावात घड्याळाचा जाणकार मीच ना! मी डोळे मिटतो. मला ऐकू काही येत नाही. पण त्याच्या मनगटाची नाडी माझ्या गालाला लागते, तेवढ्यावर मी सांगतो, "ठणठणीत."

तो "बरं" म्हणतो, गल्ल्याकडे जातो, माझ्याकडे पाठ करतो आणि हळूच घड्याळाला चावी देतो. जुनं झालंय, रात्रीत बंद पडलेलं असतं ते. त्याला वाटतं, मला कळत नाही. अहो, माझे कान गेले असतील, डोळे शाबूत आहेत.